दोन जागांची बाबागाडी

आमच्या इमारतीतील लिफ्टच्या दाराची रुंदी अठ्ठावीस इंच आहे. सात वर्षे त्या लिफ्टने ये-जा करूनही हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. गेल्या वर्षी श्रावणात, सहावा महिना सरत आला असताना, शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी ते दार मोजू लागले, तेव्हा रखवालदारकाकांनी विचारले, "मॅडम, कपाट आणताय का?" कपाट नव्हे, बाबागाडी आणायची होती, आणि तीही दोघांना बसता येईल अशी. थोरली तेव्हा वीस महिन्यांची होती. धाकटे येईल तेव्हा ती दोन वर्षांची होणार, म्हणजे चालणार खरी, पण शंभर पावलांनंतर दोन्ही हात वर करून रस्त्यात उभी राहणार. मुलाने असे हात वर केले की त्याच्याशी वाद घालता येत नाही. तोवर मी तिला उचलून घेत असे. आता उचलायला माझ्यापाशी जागा उरली नव्हती, आणि पुढे हात मोकळे असणार नव्हते.

या गाड्यांचे प्रकार मुख्यतः दोन. एकीत आसने शेजारी-शेजारी असतात, दुसरीत एकामागे एक. शेजारी आसनांची गाडी ढकलायला सोपी, कारण भार दोन्हीकडे विभागलेला असतो, आणि दोन्ही मुलांना समोरचे जग सारखेच दिसते. पण तिची रुंदी तीस इंचांच्या घरात जाते. लिफ्ट अठ्ठावीस. म्हणजे ती गाडी आमच्या चौथ्या मजल्यावर कधीच पोहोचणार नव्हती. एकामागे एक आसनांची गाडी एकेरी गाडीइतकीच अरुंद असते, मात्र लांब. ती वळवताना बैलगाडी वळवल्यासारखे होते, आणि पदपथाच्या कठड्यावर चढवायची तर पुढच्या मुलाचा सारा भार हँडल दाबून उचलावा लागतो. शिवाय मागच्या मुलाला जन्मभर, म्हणजे गाडी असेपर्यंत, पुढच्याची पाठच दिसते. (धाकट्या भावंडांना हे नवीन नाही.) नवजात बाळाला पहिले काही महिने मान धरता येत नाही, म्हणून त्याचे आसन पूर्ण आडवे होणारे हवे, थोरल्याचे बसते हवे, दोन खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि मांड्यांच्या मधून असा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा, आणि एवढे सगळे असलेल्या गाडीचे वजन बारा-पंधरा किलो भरते. ते वजन सिझेरियननंतरच्या बाईने जिन्यावरून न्यायचे नसते, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. पुण्यातल्या दोन दुकानांत मी गाड्या चालवून पाहिल्या. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या सुरेख चालतात.

विक्रेता तिला 'ट्विन' म्हणत होता. माझी मुले जुळी नाहीत, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने दोनदा मान डोलावली आणि पुन्हा 'ट्विन' म्हणाला. मराठीत या वस्तूला नाव नाही. 'जोडगाडी', 'दुबाबागाडी' असे काही मनाशी जुळवून पाहिले, सगळेच हास्यास्पद. पण मुळातला 'बाबागाडी' हा शब्द तरी कुठे साधा आहे? आपल्याकडे बाबा म्हणजे बाप, बाबा म्हणजे वडीलधारा, बाबा म्हणजे बैरागी. आणि या एका शब्दात मात्र बाबा म्हणजे पाळण्यातले पोर. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ साली निघालेल्या कोशात 'बाबा'ची नोंद आहे: हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांत मुलांना 'बाबा', 'बाबालोग' म्हणत, आणि या वापरामागे इंग्रजी 'बेबी'चा परिणाम असावा असा कोशकारांचा कयास आहे. म्हणजे बाबागाडी ही साहेबाच्या मुलाची गाडी, आणि तिच्या दांडीला धरून उभी असलेली आया हा त्या शब्दाचा न उच्चारलेला अर्धा भाग. गाडी कुणासाठी आहे ते शब्दाने सांगितले. कोण ढकलणार ते गृहीत धरले.

खुद्द इंग्लंडातही तिची सुरुवात सरदारांच्या बागेतच झाली. विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने १७३३ साली डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली. ती ओढायला शेळी किंवा कुत्रा जुंपायचा होता. ढकलण्याची दांडी फार पुढे आली. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लरेन या विमानअभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी अॅल्युमिनियमची गाडी रचली. स्पिटफायर विमानाची चाके मिटून घेण्याच्या रचनेवर त्याने काम केले होते, आणि परदेशाहून आलेली लेक जड बाबागाडी घेऊन विमानप्रवासात कशी मेटाकुटीला येते हे त्याने पाहिले होते. बाबागाडीच्या इतिहासात मला हाच क्षण महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पहिल्यांदा कुणीतरी गाडीत बसणाऱ्याचा नव्हे, ढकलणारीचा विचार केला. असो. मी हे सारे वाचत बसले होते याचे कारण जिज्ञासा नव्हते. गाडीचा निर्णय लांबवला की दुसऱ्या एका गोष्टीचा निर्णयही आपोआप लांबत होता.

ती गोष्ट अशी. आषाढातच सासूबाईंनी सुचवले होते, "अगं, गाड्या कसल्या बघत बसतेस? तुझ्या माहेरची एखादी मुलगी आणावी. थोरलीला खेळवील, बाळाला घेईल, चार घास जास्तीचे आपल्याकडे खाईल." माझे माहेर वडिवळे. तिथे माझ्या आत्याची नात आहे, तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत शिकणारी, चलाख, थोरलीला लळा लावणारी. नाव न घेताही कुणाविषयी बोलणे चालले आहे हे सगळ्यांना कळत होते. मी "बघू, आई" म्हणाले. नाही म्हणाले नाही. महाविद्यालयात स्त्रीवादी समीक्षेचा पेपर शिकवणारी, शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे हे तारखांसकट सांगू शकणारी मी, "बघू" म्हणाले. कारण नात्यातल्या मुलीला कुणी 'कामाला ठेवत' नाही. तिला 'आणतात'. मराठीतले हे क्रियापद किती सोयीचे आहे ते पाहा: तिला शहर दिसेल, इंग्रजी कानावर पडेल, इथल्या शाळेत नाव घालू, आपलीच तर आहे. माझ्या मनात ही वाक्ये आपोआप तयार होत होती आणि त्यांतले एकही मला खोटे वाटत नव्हते.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, मी वडिवळ्याला गेले. चिंचवडहून लोणावळा लोकलने कामशेत, आणि तिथून नाणे मावळात शिरणारी जीप. त्या दिवसांत तो प्रदेश डोळ्यांना न पेलवणारा हिरवा असतो. भाताची खाचरे निसवायच्या बेतात, डोंगरांच्या माथ्यावर ढग टेकलेले, आणि गावाजवळ कुंडलिकेवरचे धरण काठोकाठ. (रायगड जिल्ह्यातील प्रसिद्ध कुंडलिका वेगळी, ही आमची कुंडलिका इंद्रायणीला मिळते.) पर्यटकांना आता हे पाणी ठाऊक झाले आहे. पण मी सांगते आहे ती हकीकत धरणाच्या आधीची आहे.

आत्या आता सत्तरी ओलांडून गेली आहे. ती चालताना डावीकडे झुकते. आम्हा भावंडांना लहानपणापासून ते ठाऊक होते, आणि 'आत्याची चाल' म्हणून आम्ही तिची नक्कलही करत असू. ती तशीच जन्मली असावी अशी आमची समजूत होती. त्या दुपारी पडवीत बसून ती शेंगा फोडत होती. मी गाडीचा विषय काढला, हसत हसत, लिफ्टच्या दाराची गंमत सांगत. आणि मग त्याच सुरात, जणू त्याच गमतीचा पुढचा भाग असावा तसा, तिच्या नातीचा विषय काढला. आत्याने शेंगा फोडणे थांबवले नाही.

"पोरगी कशाला नेतीस? तिची शाळा हाय."

"थोडेच दिवस गं, आत्या. आणि तिकडे शाळेत घालीनच की मी."

"मलाबी असंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "भात निघंस्तवर घरी र्‍हा, मंग जा साळंला. कंच्या सालाचं भात, त्ये न्हाई सांगितलं."

मग तिने जे सांगितले ते तुटक होते. मधे ती उठून कोंबड्या हाकून आली, मधे चहा झाला. माझे वडील आणि चुलते यांच्यात दीड वर्षाचे अंतर. आजी पहाटे लावणीला जाई. तान्ह्या चुलत्यांना पाटीत घालून डोक्यावर नेता येई, बांधावरच्या आंब्याला झोळी टांगता येई. पण चिखलात दोन पोरे नेता येत नसत. तेव्हा आत्या आठ वर्षांची. एकाला कडेवर घ्यायचे आणि दुसऱ्याचे बोट धरायचे. बोट धरलेले रडू लागले की कडेवरचे खाली ठेवायचे आणि ते उचलायचे. मग खाली ठेवलेले रडू लागे. काही दिवस ती तशीच शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राही. गुरुजी भले होते, त्यांनी आत बोलावले. आत गेल्यावर चुलत्यांनी पाटीवर मुतले, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. डावी कड, कारण उजवा हात कामाला मोकळा हवा. पाच-सहा वर्षे. नंतर लग्न होऊन ती वाडीपलीकडच्याच घरात गेली आणि तिथल्या दिरांना त्याच कडेवर घेतले.

"मपली कंबर बघ," ती म्हणाली, आणि मग मला वाटले तसे रागाने काहीच बोलली नाही. उलट विचारले, "त्या गाडीला ढकलायला किती जणी लागत्यात?"

"एकच."

"मंग बरी हाय की. घे गाडी."

आमच्या घरी एक वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे: 'बाबांनी फार कष्टाने शिक्षण घेतले.' ते खोटे नाही. वडील मॅट्रिक झाले, पिंपरीच्या एका कारखान्यात लागले, आम्हा तिघांना पदवीपर्यंत नेले. मी या वाक्याचे व्याकरण कधी तपासले नव्हते. 'कष्टाने' हा तृतीयान्त शब्द आहे, आणि त्या कष्टांचा धनी कोण हे वाक्यात कुठेच नाही. परतीच्या लोकलमध्ये कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्थानके मागे जात होती आणि मी मनातल्या मनात त्या वाक्याला कर्ता शोधत होते.

मावळ-मुळशीच्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गावोगावच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभर पसरून तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि २०१७ पासून तो 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातून टप्प्याटप्प्याने सर्वांपुढे येत गेला. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'मधील ओव्यांपेक्षा त्यांचा पोत खरखरीत आहे, म्हणून मला त्या वर्गात वापरायला आवडतात. त्या पंधरवड्यात मी त्या पुन्हा वाचत गेले, एकच प्रश्न घेऊन: बहिणीने भावाला उचलल्याचे कुठे येते का? भाऊ येतो, पुष्कळ येतो. तो घोड्यावरून येतो, गाडी जुंपून येतो, चोळी घेऊन येतो, येत नाही म्हणून वाट पाहिली जाते. मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. आई तान्ह्याला कडेवर घेते. पण आठ वर्षांच्या बहिणीची कड मला माझ्या वाचनात तरी सापडली नाही. एवढ्या मोठ्या संग्रहात असेलही, कुणाला सापडली तर मला हवी आहे. माझा तर्क असा की ओवी गाणारी बाई सासरी असते, आणि तिथून मागे पाहताना भाऊ हा माहेराचा रस्ता असतो. रस्त्याला कुणी 'तुझे वजन मला झाले होते' असे म्हणत नाही. आत्याला मी विचारले होते, तू ओव्या म्हणायचीस का? म्हणाली, म्हणत होते, पण भावाच्याच.

आणि याच संदर्भात ताराबाई मोडक आठवल्या. त्यांच्याविषयी आपण डी.एड.च्या प्रश्नोत्तरांपुरतेच वाचतो. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारल्यांची मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांना पुस्तकात मिळाले नाही, अंगणात मिळाले: थोरल्या मुलाच्या, बहुधा मुलीच्या, कडेवर धाकटे असते आणि दारात गुरे असतात. मग कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच छताखाली आणली, आणि मुले जिथे गुरे चारतात तिथेच कुरणशाळा नेली. धाकटे शेजारच्या खोलीत, थोरली वर्गात. एवढीच युक्ती. हे वाचताना मी हिशोब मांडला: कोसबाडला पाळणाघर सुरू झाले त्याच सुमारास, सह्याद्रीच्या अलीकडे, आत्या भावाला घेऊन खिडकीशी उभी होती. गुरुजींनी तिला आत बोलावले होते, हे मी विसरत नाही. कमी पडली ती शेजारची खोली.

सासूबाईंना मी सांगितले की मुलगी येणार नाही. कारण विचारल्यावर "तिची शाळा आहे" एवढेच म्हणाले. आत्याची गोष्ट सांगितली नाही. त्या गप्प झाल्या. मग रात्री, भांडी लावताना, त्यांनी आपणहून सांगितले की त्यांनाही त्यांच्या मामाकडे मुंबईला दोन वर्षे 'आणले' होते. मला वाटले त्या पुढे काही बोलतील. त्या म्हणाल्या, "मामी चांगली होती हो," आणि ओटा पुसायला लागल्या.

गाडी शेवटी एकामागे एक आसनांचीच घेतली, जुनी, एका सहकाऱ्याच्या बहिणीकडून. रुंदी चोवीस इंच, लिफ्टमध्ये जाते, मात्र मागची चाके दाराबाहेर राहू नयेत म्हणून ती तिरकी घालावी लागते आणि मग मला पोट आत घेऊन भिंतीला टेकावे लागते. पुढच्या उजव्या चाकाला कुरकुर आहे. सकाळी नवरा ती ढकलतो, संध्याकाळी मी, दुपारी एक मावशी येतात, पगारी, पन्नाशीच्या. त्यांच्या पगारासाठी आम्ही चारचाकीचा बेत पुढे ढकलला. थोरली पहिले आठ दिवस गाडीत हौसेने बसली आणि मग मागच्या आडव्या आसनावर हक्क सांगू लागली. मार्गशीर्षात आलेला धाकटा मात्र कशातही झोपतो.

फाल्गुनात आम्ही चौघे वडिवळ्याला गेलो, गाडी घेऊन. कामशेतला लोकलमधून उतरल्यावर दोघा अनोळखी कॉलेजकुमारांनी ती पुलाच्या पायऱ्यांवरून आमच्याबरोबर उचलली. आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधील ओडेसाच्या पायऱ्या आणि त्यांवरून सुटलेली बाबागाडी मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. त्या क्षणी ती आठवली नसती तर बरे झाले असते. गावात गाडीचे चाक पहिल्या दहा मिनिटांत शेणात आणि पुढच्या पाच मिनिटांत दगडी पन्हाळीत अडकले. आत्याने मुले उतरवायला लावली, गाडी मिटवून पाहिली, उघडून पाहिली, ब्रेक पायाने दाबून पाहिला, मग धाकट्याला मागे आणि थोरलीला पुढे घालून ती एकटीच घेऊन निघाली. धरणाकडे जाणारा रस्ता थोडा बरा आहे. नात तिच्या मागून धावत निघाली, तर आत्याने तिला परत पाठवले. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. ओसरीतून आम्ही बघत होतो. हँडलला दोन्ही हात टेकल्यामुळे ती फारशी झुकत नव्हती, किंवा इतक्या लांबून मला तसे दिसले.

अर्ध्या तासाने ती आली ती थोरलीला चालवत. तिला गाडीत बसायचे नव्हते, वाटेवरचे खडे वेचायचे होते. पुढचे आसन रिकामे होते, म्हणून निघताना आत्याने त्यात तांदळाची गोणी ठेवली. इंद्रायणी, आंबेमोहोराच्या वंशातले, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेले वाण. आठ-दहा किलो असेल. पट्टा कसा लावायचा ते तिने मला विचारले आणि पाचही ठिकाणी नीट बांधून घेतले.